दुकानात नुसतं "आय-फाइव्ह द्या" म्हणू नका

सांगली काय किंवा सातारा काय, कॉम्प्युटर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आजही "आय-फाइव्ह केवढ्याला?" एवढंच विचारतं. दुकानदार एकच कोटेशन काढतो, घासाघीस होते, एक माउस फुकट मिळतो. आय-फाइव्ह हा इंटेलचा प्रोसेसर. पण प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल आणि एएमडीच्या चढाओढीतून आपल्याला जे मिळायला हवं, ते इथं काउंटरवरच वाया जातं.

२०१७च्या सुरुवातीपर्यंत इंटेलच्या नेहमीच्या सॉकेटवर (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) सर्वांत महागडा आय-सेव्हनसुद्धा चारच कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं काम करणारं एकेक केंद्र) होता. एएमडी मागे पडलेली, मग जास्त कोअर द्यायची घाई कुणाला? मार्च २०१७मध्ये एएमडीचा आठ कोअरचा रायझन आला. त्याच ऑक्टोबरात आय-सेव्हनला सहा कोअर मिळाले आणि दोन कोअरचा आय-थ्री चार कोअरचा झाला.

एएमडी तरी कुठे धर्मादाय आहे? २०२०च्या शेवटी ती पुढे गेली आणि रायझन ५ ३६००एक्सच्या २४९ डॉलरच्या जागी ५६००एक्स २९९ला आणला. स्वस्तातला ५६०० निघाला तो थेट एप्रिल २०२२मध्ये, १९९ डॉलरला, इंटेलची १२वी पिढी बाजारात आल्यावर. एएमडीच्या जुन्या ए३२० आणि बी३५० मदरबोर्डांना रायझन ५०००चा अधिकृत सपोर्टही त्याच सुमारास मिळाला. म्हणून कंपनीचा झेंडा खांद्यावर घेऊ नका. जी मागे असते, तीच स्वस्त देते.

तसे बोर्ड आपल्याकडे डीटीपीवाल्यांकडे, टॅलीच्या मशीनमध्ये अजून चालू आहेत. नवीन मशीन घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी बघा. जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करा: पेन ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅट केलेला, मशीन यूपीएसवर. मधेच लाईट गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो. विंडोजचं बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. आणि प्रोसेसरवरचा कूलर (पंखा) सरळ वर उपसू नका. मधली थर्मल पेस्ट सुकलेली असते, प्रोसेसर चिकटून सॉकेटमधून बाहेर येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करा, वायर काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६०० नको, आतलं ग्राफिक्स असलेला ५६००जी घ्या. नाहीतर मशीन चालू होईल, स्क्रीन काळीच राहील.

इंटेलमध्येही तेच. आय५-१२४००एफमधल्या 'एफ'चा अर्थ आतलं ग्राफिक्स नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी तर थोडे पैसे वाचवायला 'एफ' घेऊच नये. कॅमेऱ्याचं एचईव्हीसी ४:२:२ (रंगांचा जास्त तपशील ठेवणारा व्हिडिओ फॉरमॅट) फुटेज टाइमलाइनवर न अडखळता चालतं ते त्या आतल्या ग्राफिक्समुळे. या कामाला मी डोळे झाकून इंटेल सांगेन. नुसती टॅली आणि जीएसटी असेल तर आय३-१२१०० पुरतो, उरलेले पैसे एसएसडी आणि यूपीएसवर घाला.

लॅपटॉपमध्ये फसवणूक नावातच आहे, आणि कॉलेजच्या पोरांचे पैसे तिथंच जातात. रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू शेजारी-शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही. पहिला चार कोअरचा, झेन २ म्हणजे २०१९च्या घडणीचा, रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, नंतर वाढवता येत नाही. दुसरा सहा कोअरचा, झेन ३. इंटेलचा 'अल्ट्रा' नसलेला कोअर ५ १२०यूसुद्धा आतून जुन्या रॅप्टर लेक घडणीचाच आहे. अशा चार अंकी रायझनच्या नावातला तिसरा अंक झेनची पिढी सांगतो. तो आणि शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोटेशन दोन्ही कंपन्यांचं मागा, बोर्ड आणि रॅम धरून. बिलावर "आय-फाइव्ह कॉम्प्युटर" नको, प्रोसेसरचं पूर्ण नाव हवं. इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप जुन्या बाजारातून घेत असाल तर अजून एक बघा. यातले ६५ वॅट आणि वरचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत होते. त्यावरचा मायक्रोकोड (बायोससोबत येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) ०एक्स१२बी सप्टेंबर २०२४चा आहे. त्याआधीच्या बायोसवर मशीन चालत असेल तर नवं बायोस टाकून पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही. बॉक्समधल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षं वाढवली आहे, त्यामुळे मूळ बिल मागून घ्या.