व्हर्जिनियात ‘बंदूकजप्तीचा कायदा’ झालाच नव्हता

गेल्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या ग्रुपवर सांगलीच्या दादाने एक मेसेज पुढे पाठवला. तो मी याआधी चार-पाच ठिकाणी वाचला होता, दर वेळी शब्द थोडे इकडचे तिकडे. मजकूर थोडक्यात असा: २०२० साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात डेमोक्रॅट पक्षाने सत्तेवर येताच लोकांच्या घरातल्या बंदुका जप्त करायचा कायदा केला, ९१ काउंट्यांनी (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी) तो धुडकावला, २२ हजार लोक बंदुका घेऊन राजधानी रिचमंडच्या रस्त्यावर उतरले तेव्हा सरकार घाबरून मागे हटलं, आणि तरीही आज तिथे शेजाऱ्याने नुसती तक्रार केली की पोलीस येऊन बंदूक उचलून नेतात.

मी उत्तर व्हर्जिनियात राहते. इथल्या विधिमंडळाचं २०२० चं अधिवेशन मी दोन महिने रोज रात्री मुलं झोपल्यावर विधेयकांचे क्रमांक टाकून पाहत होते. बंदुकांवर कडक कायदे व्हावेत असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. १६ एप्रिल २००७ रोजी याच राज्यातल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांना गोळ्या घालून मारलं, त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगीही होती. ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीचच्या पालिका इमारतीत आणखी १२ जण गेले. त्यानंतर गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी जुलैत विशेष अधिवेशन बोलावलं, तर रिपब्लिकन बहुमताने ते दीड तासात गुंडाळलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सत्ता पालटली त्यामागे हाही राग होता. म्हणजे मी या वादात तटस्थ नाही. पण म्हणूनच काय घडलं हे नीट सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

“जप्तीचा कायदा केला.” हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात चुकीचं. याचं मूळ एसबी १६ (एसबी म्हणजे सिनेटचं, वरच्या सभागृहाचं विधेयक) नावाच्या विधेयकात आहे. सिनेटमधले ज्येष्ठ डेमोक्रॅट डिक सॅसलॉ यांनी अधिवेशनाआधीच ते दाखल केलं. त्यात ‘असॉल्ट’ प्रकारच्या, म्हणजे लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुका विकणं, विकत घेणं, इतकंच काय जवळ बाळगणं हाही गंभीर गुन्हा ठरत होता, आणि ज्यांच्याकडे आधीपासून त्या आहेत त्यांना सूट नव्हती. तेव्हा बंदूकमालक घाबरले यात त्यांचं काही चुकलं नाही. मसुदा वाचला तर अर्थ तोच निघत होता. पण ८ जानेवारीला अधिवेशन सुरू झालं आणि १३ जानेवारीला, पहिल्याच आठवड्यात, सॅसलॉ यांच्याच विनंतीवरून समितीने ते विधेयक काढून टाकलं. त्यावर सभागृहात मतदानसुद्धा झालं नाही.

इथे आपल्याकडच्या वाचकांची फसगत होते त्याचं कारण मला कळतं. महाराष्ट्राच्या विधानभवनात विधेयक बहुतेक वेळा मंत्री मांडतो, त्यामागे सरकारचं बहुमत असतं, म्हणून ‘विधेयक आलं’ म्हणजे ‘कायदा झाला’ असं आपण सहज धरून चालतो. अशासकीय विधेयकांकडे कोण बघतं? व्हर्जिनियात मात्र सगळीच विधेयकं आमदारांची स्वतःची. ती हजारांच्या घरात दाखल होतात आणि बरीचशी समितीतच संपतात. कागदावर मांडणी अशी असते की जुन्या कायद्यातला जो मजकूर जाणार त्यावर काट मारलेली, आणि जो नव्याने येणार तो तिरप्या अक्षरांत. मेसेजसोबत जे छायाचित्र फिरतं, त्यातली तिरपी अक्षरं त्या मागे घेतलेल्या मसुद्याची आहेत. कुणीतरी एका ओळीखाली लाल रेघ ओढली, आणि ती ओळ कायदा म्हणून जगभर गेली.

याच विषयावरचं दुसरं विधेयक होतं डेमोक्रॅट आमदार मार्क लेव्हिन यांचं, एचबी (हाउसचं विधेयक) ९६१. ते जास्त लांब गेलं. आधीच्या मसुद्यात जुन्या मालकांना पोलिसांकडून परवाना घ्यावा लागणार होता. हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, मतदानाला आलेल्या मसुद्यात ती अट गेली होती, जुन्या बंदुका मालकांकडेच राहणार होत्या. १२ पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन (बंदुकीला लावायची गोळ्यांची पेटी) जवळ ठेवण्यावर मात्र बंदी होती, आणि हे मी लपवणार नाही, कारण ज्याच्याकडे तशी मॅगझिन होती त्याच्या दृष्टीने ती काढून घेण्यासारखीच गोष्ट होती. ११ फेब्रुवारीला ते ५१ विरुद्ध ४८ असं निसटतं मंजूर झालं. त्या दिवसाला इथे क्रॉसओव्हर म्हणतात: आपल्या सभागृहातून त्या दिवसापर्यंत बाहेर पडलं नाही, तर त्या वर्षापुरतं विधेयक संपलं.

मग १७ फेब्रुवारी. सिनेटची न्यायविषयक समिती. सदस्य १५, त्यांत डेमोक्रॅट ९. मी थेट प्रक्षेपण लावून बसले होते, समोर चहा गार होत होता. विधेयक पुढच्या वर्षावर ढकलून गुन्हेविषयक आयोगाकडे अभ्यासाला पाठवायचं, असा प्रस्ताव आला आणि १० विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. क्रीघ डीड्स, चॅप पीटरसन, जॉन एडवर्ड्स आणि स्कॉट सुरोवेल हे चार डेमोक्रॅट रिपब्लिकनांबरोबर गेले होते. खोलीत बंदूकमालकांनी जल्लोष केला. मला वाईट वाटलं, पण त्या वर्षीच्या बंदीचा विषय तिथे संपला, हे वास्तव आहे.

“९१ काउंट्यांनी कायदा धुडकावला.” ९५ पैकी ९० हून अधिक काउंट्यांनी स्वतःला ‘दुसऱ्या घटनादुरुस्तीचं अभयारण्य’, म्हणजे बंदूक बाळगण्याच्या घटनात्मक हक्काला आसरा देणारी जागा, म्हणवणारे ठराव केले, हे खरं. पण तारखा बघा. यातले बहुतेक ठराव नोव्हेंबर-डिसेंबर २०१९ चे आहेत, अधिवेशन सुरू होण्याच्याही आधीचे. जो कायदा अजून झालेलाच नाही तो धुडकावणार कसा? ते ठराव म्हणजे येऊ घातलेल्या विधेयकांविरुद्धचा निषेध होता, आणि निषेध म्हणून तो जोरदार होता. एकेका गावात पर्यवेक्षक मंडळाच्या (काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या) बैठकीला लोक दाराबाहेरपर्यंत उभे होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या ठरावांना किंमत नाही, असं राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, अॅटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी डिसेंबरातच लेखी मत दिलं. राज्याचा कायदा लागू करायचा की नाही, हे काउंटीला ठरवता येत नाही.

“२२ हजार लोक उतरले आणि सरकार घाबरलं.” लोक उतरले, २० जानेवारीला. साधारण ६ हजार कॅपिटॉलच्या (राज्याच्या विधानभवनाच्या) आवारात, जिथे नॉर्थम यांनी तात्पुरत्या आणीबाणीने बंदुका आणायला मनाई केली होती, आणि बाकीचे कुंपणाबाहेर, खांद्याला रायफली लावून. हिंसा झाली नाही, आणि त्याचं श्रेय त्या जमावालाही दिलं पाहिजे. पण क्रम लावून पाहिला तर ‘घाबरलं’ हा शब्द टिकत नाही. एसबी १६ मोर्चाच्या आठवडाभर आधीच गेलं होतं. एचबी ९६१ हाउसमध्ये मंजूर झालं ते मोर्चानंतर तीन आठवड्यांनी. आणि बाकीची विधेयकं? खासगी विक्रीतही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणं, महिन्याला एकच पिस्तूल विकत घेता येणं, बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर ४८ तासांत कळवणं, शहरांना आपल्या उद्यानांत आणि इमारतींत बंदुका रोखायचा अधिकार. ही सगळी मोर्चानंतर मंजूर झाली, एप्रिलमध्ये मार्गी लागली आणि १ जुलै २०२० पासून लागू झाली. महिन्याला एक पिस्तुलाचा नियम तर नवाही नव्हता. तो १९९३ ते २०१२ अशी १९ वर्षं या राज्यात होताच.

तरी चार सिनेटर का फिरले, याचं प्रामाणिक उत्तर देताना मी दबाव नाकारणार नाही. आपल्या मतदारसंघातले लोक त्यांनी ऐकले होते. पण कोणत्या बंदुकीला ‘असॉल्ट’ म्हणायचं, या व्याख्येचा घोळही मिटला नव्हता. शिवाय यातलेच डीड्स २०२४ मध्ये सिनेटमधल्या असॉल्ट बंदुकांच्या बंदीच्या विधेयकाचे प्रस्तावक होते. घाबरून गप्प बसलेला माणूस असं करत नाही.

“शेजाऱ्याने तक्रार केली की बंदूक जाते.” हे २०२० च्याच ‘रेड फ्लॅग’ कायद्याबद्दल आहे, ज्यात धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून बंदुका तात्पुरत्या काढून घेता येतात. शेजारी पोलिसांना कळवू शकतो, तेवढंच. अर्ज फक्त सरकारी वकील किंवा पोलीस अधिकारीच करू शकतो, तोही स्वतंत्र चौकशी करून. न्यायाधीश किंवा मॅजिस्ट्रेटला पटलं तर तातडीचा आदेश निघतो, जास्तीत जास्त १४ दिवसांचा. मग न्यायालयात सुनावणी, आणि धोका सिद्ध झाला तर १८० दिवसांपर्यंत आदेश. आदेश हातात दिल्यावर त्या माणसाला आधी स्वतःहून बंदुका सोपवायची संधी मिळते. पहिला आदेश त्याचं म्हणणं न ऐकता निघतो, हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर वाद जरूर घालावा. पण ज्या घरात कुणी आत्महत्येचं बोलतोय, बायकोला मारायची धमकी देतोय, त्या घरासाठी ते १४ दिवस काय असतात, हेही त्या वादात आलं पाहिजे.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “अगं, मग २०२४ ला तर दोन्ही सभागृहांनी बंदी मंजूर केली असं पेपरात होतं, ती तरी लागू झाली ना?” तीही नाही. डीड्स यांचंच ते विधेयक, दोन्हीकडे मंजूर होऊन गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांच्या टेबलावर गेलं. २६ मार्च २०२४ ला त्यांनी बंदुकांवरची ३० विधेयकं नाकारली, त्यांत ते होतं.