‘बाग करा, जिम सोडा, गोळ्या फेका’: त्या फॉरवर्डचा एकेक दावा

गच्चीवरच्या बागेचे गोडवे गाणारा एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपांवर फिरून फिरून येतो. त्यात म्हटलेलं असतं: रोज अर्धा तास कुंड्यांत रमा, वेगळा व्यायाम नको. मातीतला जिवाणू मन आनंदी ठेवतो, म्हणून हातमोजे घालू नका. बेडरूममध्ये तुळस आणि स्नेक प्लांट ठेवा, रात्रभर ऑक्सिजन मिळेल. 21 दिवसांत सवय लागते आणि बीपीच्या, झोपेच्या गोळ्या सुटतात.

बागकाम तब्येतीला चांगलं, याबद्दल वाद नाही. पण मेसेजमधली कारणं बहुतेक चुकीची आहेत, आणि त्यांच्या भरवशावर राहिलं तर नुकसान होतं.

आधी व्यायाम. त्या अर्ध्या तासात काय केलं, यावर सगळं अवलंबून आहे. श्रम ‘मेट’मध्ये मोजतात, स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारी ऊर्जा म्हणजे एक मेट, आणि तीन ते सहा मेटचं काम मध्यम श्रमाचं. झारीने पाणी घालणं जेमतेम दीड मेट, म्हणजे गॅलरीत उभ्याने गप्पा मारण्याइतकंच. खणणं, कंपोस्ट उलटवणं, कुंड्या भरणं साडेतीन ते पाच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगते, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. पंधरा-वीस कुंड्यांच्या बागेत खणण्या-भरण्याचं काम महिन्याच्या एक-दोन सकाळींत आटोपतं. बाकी दिवस पाणी घाला आणि पिवळी पानं खुडा. त्यासाठी सकाळचं चालणं सोडलं तर हालचाल उलट कमीच होते. साधी खूण अशी: काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तेच मध्यम श्रमाचं.

कंबरेबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही. 12 इंची कुंडी नुसत्या मातीने भरून भिजली की 20 किलोच्या आसपास जाते. वाकून, हात लांब करून ती ओढली की कंबर धरलीच म्हणून समजा. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट समप्रमाणात घेतलं तर वजन बरंच उतरतं. तरीही मोठ्या कुंडीखाली चाकांचा स्टँड हवाच. गुडघे दुखत असतील तर उकिडवं बसून खुरपत राहू नका, कुंड्याच लोखंडी मांडणीवर कमरेच्या उंचीला आणा. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी खाली बसल्यावर झटकन उठू नये, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी स्टुलावर टेकावं, मिनिटभराने उभं राहावं.

आता तो आनंदी जिवाणू. नाव मायकोबॅक्टेरियम व्हॅकी. 2007 मध्ये ब्रिस्टलच्या ख्रिस लोरी यांच्या गटाने हे मेलेले जिवाणू उंदरांना टोचले आणि मेंदूतल्या सेरोटोनिनच्या, म्हणजे मनःस्थितीशी जोडलेल्या रसायनाच्या, पेशी जाग्या झालेल्या पाहिल्या. उंदीर, आणि तेही टोचून! कुंडीत हात घालणाऱ्या माणसाला तेच होतं, असं यातून सिद्ध होत नाही. हातमोजे काढल्यावर काय होऊ शकतं ते मात्र ठाऊक आहे. गुलाबाच्या काट्यातून स्पोरोट्रायकोसिसची बुरशी आत शिरली की बोटापासून कोपराकडे गाठींची रांग उठते. धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं, ते अनेकांचं राहून जातं. मधुमेह असेल तर गच्चीवरही अनवाणी नको. कंपोस्टची पिशवी तोंडापासून लांब धरून उघडावी आणि आधी पाणी शिंपडावं, म्हणजे धूळ छातीत जात नाही.

ऑक्सिजनचा दावा दोन ओळींत निकालात निघतो. अंधारात कुठलंच झाड प्रकाशसंश्लेषण करत नाही. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं, पण ऑक्सिजन दिवसाउजेडीच सोडतं. तुळस तर रात्री कार्बन डायऑक्साइडही घेत नाही. हवा शुद्ध होण्यासाठी नासाच्या 1989 च्या ज्या अभ्यासाचा दाखला देतात, तो बंद पेट्यांतला होता, खिडक्या-दारांच्या खोलीतला नव्हे.

मन शांत होतं, हे खरं. नेदरलँड्समध्ये 2011 साली छापलेल्या एका प्रयोगात तीस जणांना आधी ताण देणारं काम दिलं, मग अर्ध्यांना अर्धा तास बागेत आणि अर्ध्यांना वाचायला बसवलं. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोन्हीकडे उतरलं, बागेत जास्त. पण हा परिणाम त्या तासाभरापुरता मोजलेला आहे. त्यावरून गोळी बंद करता येत नाही. बीपीची काही औषधं एकदम सोडली तर दाब आधीपेक्षा वर उसळतो.

राहिले 21 दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा 18 पासून 254 पर्यंत गेला. म्हणून सुरुवात गुलाबाने करू नका. त्यावर मावा आणि पिठ्या ढेकूण ही कीड पडली की उत्साह तिथेच मावळतो. उथळ ट्रेमध्ये मेथी पेरा: दाणे रात्रभर भिजवा, अर्धा इंच मातीआड करा. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजी होते. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर कोवळी रोपं करपतात, तेव्हा पाऊस ओसरल्यावर पेरलेली बरी. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा नुसत्या ओतू नका, काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटून राहतात.