पंचवीस किलोचं गाठोडं आणि दीडशे न्यूटन

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि रागाची आहे. उत्तरही लांबच होणार. बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, खराब झाली की तिच्या जागी कृत्रिम डिस्क बसवतात. तिची चाचणी कशी घेतात, यावर मी मागे लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत: "मशिनीत पंधरा किलो वजन टाकलं, साडेसात अंश मान हालवली अन् डिस्क पास! आमच्या बाया पंचवीस किलोचं कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरातून रस्त्यावर येतात. हे सारं खुर्चीवर बसणाऱ्या लोकायसाठी आहे. तुम्ही कंपनीची जाहिरात करून रायले." आणि अगदी शेवटी, जाता जाता, की तुमच्या वहिनींना नागपुरात डिस्क बसवायला सांगितली आहे. ही ओळ खरं तर सगळ्यात वर पाहिजे होती.

आधी साडेसात अंश, कारण तिथे तुमचा हिशोब चुकतोय. हा कोन अख्ख्या मानेचा नाही, एका सांध्याचा आहे. मानेत सात मणके. आपण मान डोलावतो तेव्हा बराच भाग कवटी आणि पहिला मणका यांच्यात होतो. मान वळवतो तेव्हा जवळजवळ निम्मं वळण पहिल्या-दुसऱ्या मणक्यात होतं, आणि गंमत अशी की या दोन्ही ठिकाणी डिस्क नसतेच. डिस्क बसवतात ती खाली, बहुतेकदा पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यात. तिथे एका सांध्याला पुढे साडेसात आणि मागे साडेसात म्हणजे पंधरा अंश. निरोगी सांधासुद्धा साधारण तेवढाच, फार तर थोडा जास्त हलतो. म्हणजे मशीन मान जपून हलवत नाही, दर वेळी जवळपास टोकापर्यंत नेते.

आता पंधरा किलो. आयएसओ 18192 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पहिल्या भागात मानेच्या डिस्कसाठी 50 ते 150 न्यूटन भार सांगितला आहे (दहा न्यूटन म्हणजे साधारण एका किलोचं वजन, म्हणून तुमचे पंधरा किलो). कमरेच्या डिस्कला तोच भार 600 ते 2000 न्यूटन असतो. 50 न्यूटन म्हणजे जवळपास डोक्याचंच वजन, वरचा भाग स्नायूंच्या ओढीचा. सेकंदाला एक, अशी 1 कोटी आवर्तनं करायची. दिवसाला 86,400 होतात, म्हणजे मशीन न थांबता जवळपास 116 दिवस चालवावं लागतं. थांबावं तर लागतंच. डिस्क वासराच्या रक्तातल्या पातळ केलेल्या सीरममध्ये, 37 अंश तापमानात बुडवलेली असते. सीरम नासतं म्हणून त्यात जंतुनाशक घालतात आणि ठरावीक आवर्तनांनी ते बदलतात. दर वेळी डिस्क काढायची, धुवायची, वाळवायची आणि मिलिग्रॅमच्याही खालपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवायची. प्लास्टिकचा भाग सीरम शोषून जड होतो. म्हणून शेजारी आणखी एक डिस्क नुसतीच बुडवून ठेवतात, तिचं वाढलेलं वजन हिशोबात धरतात, आणि मग खरी झीज कळते.

एवढा खटाटोप झीज मोजायला. डिस्क किती वजनाने मोडेल हे यातून कळतच नाही, ती चाचणी वेगळी आहे (एएसटीएम एफ2346 या अमेरिकी मानकातली). तिथे डिस्क दाबतात, आडवी सरकवतात, पिळतात, आणि तिथले आकडे दीडशेपेक्षा पुष्कळ मोठे असतात. तुम्ही झिजेच्या चाचणीतला भार घेतला आणि तीच डिस्कची ताकद धरली. तिफणीआधी आपण ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे ठेवतो ना? सत्तर उगवले तर बियाणं पेरायला घेतो. पुढे पाऊस दडी मारेल का, हे ते गोणपाट सांगत नाही, आणि कोणी त्याला विचारतही नाही.

पण तुमच्या गाठोड्याचा हिशोब मी केला. पंचवीस किलो म्हणजे 245 न्यूटन, वर डोक्याचे पन्नासेक. झाले तीनशे, मशीनच्या कमाल भाराच्या दुप्पट. इथे तुमचं बरोबर आहे, आणि कुठलंही मानक चुंबळ ठेवून लिहिलेलं नाही. तरी झीज होते ती भाराखाली घासण्याने, नुसत्या भाराने नाही. डोक्यावर गाठोडं असलेल्या बाईला धुऱ्यावरून हाक मारून पाहा. ती मान वळवत नाही, अख्खी वळते. मान ताठ, डोळे समोर, सगळी चाल कमरेतून आणि पायांतून. त्या वेळी डिस्कवर भार खूप असतो, पण घासणं जवळपास नसतं.

घासणं होतं वेचणीत आणि निंदणात. बोंडाकडे मान खाली, पुन्हा वर, मिनिटाला दोनदाच धरा. आठ तासांत 960. असे 130 दिवस भरले की सव्वा लाख. मणक्याच्या डिस्कच्या चाचण्यांत माणसाच्या मोठ्या हालचाली वर्षाला सव्वा लाख धरण्याचा एक रूढ हिशोब आहे. त्या हिशोबाने 1 कोटी म्हणजे 80 वर्षं, आणि माहितीपत्रकात हाच आकडा मिरवतो. वावरातली बाई वर्षाचा हा कोटा निंदण-वेचणीतच संपवते, घरचं काम वेगळंच. माझा आक्षेप असलाच तर इथे आहे: ही वर्षं कोणाची, ते पत्रकात लिहिलेलं नसतं.

मग पंचवीस किलो ओझं मान पेलते कशी? स्नायू काढून फक्त हाडं आणि अस्थिबंध ठेवलेली मान प्रयोगशाळेत वरून दाबली, तर साधारण 10 न्यूटनलाच, म्हणजे किलोभर वजनालाच, वाकून कोसळते. तिला स्वतःचं डोकंसुद्धा पेलत नाही! या कोड्यावर अमेरिकेत काम केलं ते अविनाश पटवर्धन या संशोधकांनी. (नाव वाचून खुर्ची पुढे ओढलीत ना?) त्यांनी भार सरळ वरून न देता दोन्ही बाजूंनी तारा बांधल्या, मानेच्या बाकाबरोबर प्रत्येक मणक्याच्या फिरण्याच्या केंद्राजवळून नेलेल्या. तीच मान 250 न्यूटन पेलू लागली. जिवंत माणसात तारांचं हे काम स्नायू करतात. 2000 साली हे प्रसिद्ध झालं आणि पुढे डिस्क घातलेल्या मानेच्या चाचण्यांत ही पद्धत रुळली. म्हणजे पंधरा किलोवर सगळेच थांबलेले नाहीत.

अर्थात पेलणं वेगळं आणि फुकटात पेलणं वेगळं. काँगोत डोक्यावरून लाकडं वाहणाऱ्यांच्या मानेचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. ओझं न वाहणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मणक्यांत झीज जास्त दिसली. आणि ती देवाने दिलेल्या डिस्कची.

मला खरी काळजी वाटते ती डिस्कच्या वर-खालच्या हाडाची. स्वीडनचे सर्जन उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात मणक्यांच्या मध्ये स्टीलचे गोळे बसवले होते. गोळे शाबूत राहिले, पण हाडात रुतून बसले. आजच्या डिस्कची बैठक रुंद असते, ती इतकी सहज रुतत नाही. पण हाड ठिसूळ असेल तर रुंद बैठकही किती पुरणार? म्हणूनच अमेरिकेत या डिस्कच्या मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा हाडं ठिसूळ झालेले रुग्ण त्यांतून वगळले होते. पाळी गेलेली, दूध-अंडं कमीच मिळालेली आणि रोज डोक्यावर भारा घेणारी बाई त्या चाचण्यांत शोधून सापडायची नाही. तुमचं "खुर्चीवर बसणाऱ्या लोकायसाठी" हे वाक्य मशीनला लागू नाही, पण इथे लागू आहे.

जाहिरातीचं म्हणाल, तर एम6-सी नावाची एक डिस्क आहे. सगळ्या चाचण्या पार करून तिला 2019 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे काही रुग्णांत डिस्कभोवतीचं हाड विरघळल्याचे अहवाल डॉक्टरांनी छापले. 2025 साली कंपनीने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण व्यवसायाचं दिलं. मशीनवर पास होणं म्हणजे सगळं झालं असं मी आधीही म्हटलं नव्हतं. पण मशीनवर नापास झालेली डिस्क माणसापर्यंत पोचत नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला वाटते त्यापेक्षा मला मोठी वाटते. त्यावर आपण भांडू शकतो.

आता वहिनी. त्यांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत आणि मी डॉक्टरही नाही, तेव्हा ऑपरेशन करावं की नाही यात मी पडत नाही. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक "गृहिणी" लिहिलेलं असेल. ते खोडायला लावा. किती किलोचं ओझं, दिवसातून किती खेपा, वर्षात किती महिने, हे डॉक्टरांना आकड्यांत सांगा. हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर का नाही, ते विचारा. डिस्कऐवजी दोन मणके जोडून टाकण्याचं जुनं ऑपरेशन त्यांना जास्त बरं पडेल का, हेही विचारा. ते 1950च्या दशकापासून चालत आलंय आणि आजही सर्रास होतं. त्यात त्या सांध्याची हालचाल जाते. पण झिजायला तिथे काही उरत नाही, आणि खर्चही साधारण कमी येतो.

डिस्कच ठरली तर डिस्कच्या डब्यावरचं स्टिकर, ज्यावर कंपनी, मॉडेल आणि बॅच नंबर असतो, डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. धातू कोणता तेही विचारून ठेवा. कोबाल्ट-क्रोम असेल तर पुढे एमआरआय काढताना नेमका तोच भाग झाकोळतो, टायटॅनियममध्ये तो त्रास कमी होतो. आणि डोक्यावर ओझं पुन्हा कधी घ्यायचं, की घ्यायचंच नाही, हे तुमच्या भावाच्या समोर डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या. घरी येऊन वहिनींनी सांगितलं तर कोणी ऐकायचं नाही.