खुलासा : ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’ ही वरवरची शीर नाही

सोनोग्राफीच्या अहवालात ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेनमध्ये गुठळी’ असे लिहिले असेल, तर ती वरवरच्या शिरेतली असल्याने काळजी करू नये, तेल लावून मांडी चोळावी, असा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. हा सल्ला चुकीचा असून तो जिवावर बेतू शकतो.

नावात ‘सुपरफिशियल’ असले, तरी ही शीर मांडीच्या स्नायूंच्या आत, मुख्य धमनीला लागून जाते आणि गुडघ्यामागून वर येणारे रक्त वाहून नेते. म्हणजे ती खोल शीरच आहे. खरी वरवरची शीर म्हणजे घोट्याच्या आतल्या हाडापुढून कातडीखालून थेट जांघेपर्यंत जाणारी ‘ग्रेट सफेनस’. नावाचा हा घोळ डॉक्टरांनाही चकवतो, म्हणूनच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत तिला नुसते ‘फेमोरल व्हेन’ म्हटले गेले. जुने नाव मात्र काही अहवालांत अजूनही येते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो.

सोनोग्राफी करताना प्रोब (कातडीवर फिरवायचे हातातले उपकरण) दाबला की निरोगी शीर चपटी होते, गुठळी भरलेली शीर दबत नाही. अशी गुठळी चोळल्याने सुटून फुप्फुसात अडकू शकते. तिच्यावर सहसा रक्त गोठू न देणारी औषधे दिली जातात आणि ती किती काळ घ्यायची, हे डॉक्टर ठरवतात. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.