‘दहा टक्के फ्लॅट’ व्याजाचं कर्ज स्वस्त नाही. शीटमध्ये मांडून बघा

यवतमाळकडच्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : “बँकेच्या 14 टक्क्यांपेक्षा फायनान्सचे 10 टक्के फ्लॅट परवडतात. एक्सेलमध्ये मुद्दल गुणिले दर गुणिले वर्षं करा. प्रोसेसिंग फी एकदाच जाते, ती धरू नका. हप्ता लहान तेवढं कर्ज स्वस्त.”

गुणाकार बरोबर आहे. 1 लाखावर 3 वर्षांचं व्याज 30,000, हप्ता 3,611. पण फ्लॅटमध्ये शेवटपर्यंत व्याज पूर्ण लाखावर लागतं. छत्तिसाव्या महिन्यात त्यांच्याच हिशेबाने मुद्दल उरतं 2,778 आणि व्याज 833. महिन्याला शेकडा 30! गावचा सावकारही एवढं मागताना लाजेल.

बँकेचं व्याज मात्र उरलेल्या मुद्दलावरच लागतं. आता हप्ता काढणाऱ्या पीएमटी (PMT) सूत्रात 14 टक्के भागिले 12, मग 36, मग 1 लाख टाका. हप्ता 3,418, एकूण व्याज 23,040 च्या आसपास. म्हणजे बँकच सात हजारांनी स्वस्त. फ्लॅटचा खरा दर काढायला रेट (RATE) सूत्र : 36, उणे 3611, 100000, आणि उत्तर गुणिले 12. येतात 17.9 टक्के. ते उणे विसरलात तर नुसती एरर दिसेल.

फी का धरायची नाही म्हणे? 3,000 कापून हातात 97,000 आले, तर रेट सूत्रात एक लाखाऐवजी 97000 लिहा. दर 20 च्या वर जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांवर बँका व एनबीएफसींना (बिगर-बँक फायनान्स कंपन्यांना) फीसकटचा वार्षिक दर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये द्यावाच लागतो, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. सहीआधी तो कागद मागा.

लहान हप्त्याचं तर काय सांगावं! तेच 14 टक्के 5 वर्षांवर नेले की हप्ता 2,327, पण व्याज 39,600.

आणि भाऊ, हप्ता महिन्याचा, पण आपला पैसा हंगामाचा. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकलं जातं, कापसाचा चुकारा त्यानंतर. जून-जुलैत बियाणं, खत, पोरांच्या शाळेचा खर्च. म्हणून बारा महिन्यांच्या बारा ओळी करा : मागची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च, वजा हप्ता. जुलैची ओळ उणे गेली, तर वर्षाची बेरीज कितीही चांगली दिसो, तिथे हप्ता बाउन्स होणार. मग सहामाही हप्ता मिळतो का ते विचारा. मिळाला, पण हप्त्यांमधलं अंतर किंवा रकमा सारख्या नसल्या, तर रेट चालत नाही. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा (आलेली अधिक, भरलेली उणे) मांडून एक्सआयआरआर (XIRR) सूत्र लावा. तो चक्रवाढीने दर दाखवतो, तेव्हा तुलनेतल्या दोन्ही कर्जांना तोच लावा.