मुंडी वर!

"घोडा तुमची परीक्षा बघतोय मॅडम," हे वाक्य शिकवणारे सर इतक्या खुशीत का म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही. मी त्यावेळी बहुतेक मातीत बसलेली असते, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं असतं आणि परीक्षक महाशय चार पावलांवर उभे राहून निवांत गवत खात असतात.

परीक्षकाचं नाव भोळ्या. हे नाव ज्याने ठेवलं त्याला मला एकदा भेटायचंय.

लांबून बघणाऱ्यांना वाटतं घोडा एकदम उधळतो. छे हो, तो आधी रीतसर नोटीस देतो, कान मागे जातात, शेपटी फटकारली जाते, मग मुंडी खाली, पाठीची कमान आणि मग दुगाण्या. फक्त नोटीस आणि कारवाई यांच्यात अर्धा-एक सेकंद असतो आणि तेवढ्यात माझ्यासारखीने नेमकं करायचं काय? मान खाली घातल्याशिवाय घोड्याला जोरात दुगाण्या झाडता येत नाहीत म्हणून सर कडेने जिवाच्या आकांताने ओरडतात, "मुंडी वर! मुंडी वर!" आणि मी इमानदारीत माझी मुंडी वर करते.

तसा नुसता चालताना भोळ्या अगदी संत आहे. दुडकी चालीतही ठीक, तिथे फक्त माझी हाडं खुळखुळतात. खरी मजा कॅन्टरला, म्हणजे दुडकीच्या पुढच्या वेगवान चालीला. दुडकीतून कॅन्टरमध्ये जायचं त्या क्षणी मी टाचेने म्हणते "चल" आणि घाबरून दोन्ही हातांनी लगाम ओढत म्हणते "नको नको थांब", आता त्या जनावराने ऐकायचं कुणाचं, टाचेचं की हाताचं? भोळ्या दोन्हीकडे दुर्लक्ष करून तिसराच निर्णय घेतो.

आणि माणसाचं शरीर तरी किती मूर्ख बघा. भीती वाटली की आपण पुढे वाकतो, आयाळीला मिठी मारतो, गुडघे आवळतो आणि टाचा वर घेऊन त्याच्या कुशीत खुपसतो. म्हणजे वजन गेलं पुढे, मागचे पाय उडवायला एकदम मोकळे, वर टाचेचा अर्थ घोड्याच्या भाषेत "अजून जोरात"! माझी सगळी घाबरगुंडी त्याच्यापर्यंत हुकूम बनून पोचते. करायचं नेमकं उलटं असतं, खांदे मागे, टाचा खाली, नजर समोर, आणि दोन्ही लगाम खेचत बसायचं नाही कारण चार-पाचशे किलोच्या प्राण्याशी रस्सीखेच खेळून कोण जिंकलंय? एकच लगाम धरून मुंडी हळूहळू बाजूला वळवायची, मग मागचे पाय आडवे पडायला लागतात आणि उडीतला जोर जातो. मला हे सगळं पाठ आहे. जमिनीवर असले की तर फारच छान आठवतं.

बरं त्याच्यापासून काही लपवायची सोय नाही. अंगावर माशी बसली तरी घोड्याला कळतं, तेवढीच कातडी थरथरवून तो ती उडवतो, मग माझी थरथरणारी मांडी त्याला कळणार नाही? डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे अगदी नाकासमोरचा आणि बरोबर मागचा थोडा भाग सोडला तर जवळजवळ साडेतीनशे अंश दिसतं, म्हणजे पाठीवर बसूनही मी त्याच्या नजरेतच. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरं द्यायचा, लोक थक्क. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने शोधून काढलं की बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स ते बघून थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःला पत्ता नाही, घोड्याला माहीत! मी तर हान्सच्या खानदानातल्या प्राण्यापुढे "मी अजिबात घाबरत नाहीये" असा चेहरा करून बसते.

तबेल्यातले काका मात्र परीक्षा वगैरे मानत नाहीत. "अहो ताई, चार दिवस बांधून ठेवलाय, वरून दाण्याची चंदी रोज तेवढीच, तुम्ही तरी गप बसला असता का?" म्हणून आधी लांब दोरीवर गोल गोल फिरवून त्याची मस्ती उतरवायची, मग खोगीर. ते घालतानाही तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की हा पठ्ठ्या अंग फुगवून उभा राहतो, दहा पावलं चालून झाली की श्वास सोडतो आणि तंग ढिला, म्हणून चढायच्या आधी पुन्हा एकदा कसायचा, नाहीतर खोगिरासकट आपण पोटाखाली.

आणि उड्या वाढल्या तर काका सगळ्यात आधी दुखणं शोधतात. दात, खोगीर, पाठ. एकदा त्यांनी कण्याच्या दोन्ही बाजूंनी सावकाश बोटं दाबत नेली, एका जागी भोळ्याची कातडी टचकन आकसली, तर काकांनी खोगिराखालची घोंगडी उलटी करून तिच्यातून पेराएवढा काटा काढला. खोगीर त्या दिवशी सरांनी स्वतः चढवलं होतं. सर एकदम फोन बघायला लागले.

काटा काढल्यावर भोळ्या सुधारला असेल असं वाटत असेल तर तसं काही नाही. त्याने फक्त उडी जरा बारीक केली. मी खोगिरावर राहिले, म्हणजे डाव्या बाजूला लटकून, पण राहिले. मात्र तिथेच उतरायची परवानगी नसते, कारण उडी मारली की ओझं उतरतं हे घोडा एका फटक्यात शिकतो, म्हणून पडलं तरी, हाडं जागेवर असली तर, परत चढून निदान दोन गोल शांतपणे चालवायचे आणि मगच सुट्टी.

पुढच्या उडीला मी पडलेच. काकांनी लगाम धरला आणि म्हणाले, "चढा."

मी म्हटलं, "काका, आज पाठ फार दुखतेय हो."

"कुणाची?" काका घाबरून म्हणाले आणि भोळ्याचं खोगीर सोडायला लागले.