बसवायचा राहिलेला दरवाजा

18 डिसेंबर 2024 ला मुंबईहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जीव गेले. मग लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर एकच पालुपद: ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही, दिलेलं जॅकेटही घालत नाहीत. तुमच्या हाँगकाँगला बघा!’

बघा तर मग. हाँगकाँगच्या सेंट्रल भागातल्या 4 नंबरच्या धक्क्यावरून लामा बेटावरच्या युंग श्यू वानला फेरीबोटीने जाताना इथेही कुणी जॅकेट घालून बसत नाही.

1 ऑक्टोबर 2012 च्या रात्री आतषबाजी बघायला निघालेली इथलीच ‘लामा 4’ ही बोट दुसऱ्या फेरीबोटीशी धडकली. मागची बाजू दोनेक मिनिटांत पाण्याखाली गेली. 39 जण दगावले, त्यांत 8 मुलं. बोटीच्या तळाशी मागच्या कप्प्यांमधल्या भिंतीत, एकातलं पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून, पाणीबंद दरवाजा हवा होता. बोट बांधताना तो बसवलाच नव्हता, नुसतं भोक. धडकेत दोन कप्पे फुटले, तिसरा त्या भोकातून भरला. नकाशे तपासणाऱ्या आणि बोटीची पाहणी करणाऱ्या सरकारी माणसांना ते वर्षानुवर्षं दिसलं नाही. वरच्या डेकवरच्या खुर्च्या उखडून लोकांच्या अंगावर आल्या. मुलांच्या जॅकेटांचा नियम कागदावर होता, बोटीवर मुलांचं एकही जॅकेट नव्हतं. यात प्रवाशाची शिस्त कुठे आली?

‘नीलकमल’चा परवाना 84 प्रवाशांचा, वर होते शंभराहून जास्त. डोकी मोजणं हे धक्क्यावरच्या माणसाचं काम. माणसं वरच्या मजल्यावर चढली की गुरुत्वमध्य वर जातो, आणि सगळी एका कडेला धावली की कललेली लाँच सावरत नाही.

जॅकेटचंही तेच. टपाखाली सुतळीने आवळलेला गठ्ठा, पट्ट्यांना आधीच्या कुणीतरी मारलेल्या गाठी, तुटलेल्या क्लिपा. असं जॅकेट घाईत कोण घालणार? डोकं घालायचं, कमरेचा पट्टा घट्ट ओढायचा, मुलाचा मांड्यांमधला पट्टाही लावायचा. नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. आणि छताखाली पाणी भरलं तर तेच फोमचं जॅकेट माणसाला छताला दाबून धरतं. म्हणून जॅकेट घालून आधी उघड्या डेकवर यायचं. हे खलाशाने सुटण्याआधी करून दाखवायला दोन मिनिटं पुरतात.

1947 च्या जुलैत ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेवर माणसं गेली. इथे हाँगकाँगला ‘लामा 4’च्या 39 बळींसाठी चौकशी आयोग बसला आणि त्या भोकाचा छडा लागला. ते वाचताना हेवा वाटला, हे कबूल करतो. पण ‘तुमच्या हाँगकाँगला’ म्हणू नका. मांडव्याला, घारापुरीला जाणाऱ्या लाँचीत माझीही माणसं बसतात. त्या लाँचीच्या तळाशी किती कप्पे आहेत, त्यांना दरवाजे आहेत का, मुलांची जॅकेटं किती, हे विचारायला मी परका ठरत नाही.